चार डबे आम्ही ठेवू, गाडी आणि डेपो तुम्ही तयार करा

प्रति,
नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायती

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतून नगरपरिषदेची रिक्षा फिरली. भोंग्यावरून सांगत होते की यापुढे ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (बल्ब, बॅटऱ्या, उरलेली औषधं वगैरे) असा चार प्रकारे वेगळा केलेला कचराच घेतला जाईल, एकत्र कचरा देणाऱ्या घराला दंड होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली ती नेहमीचीच, एका हौद्याची. मी दोन पिशव्या वेगवेगळ्या दिल्या, मदतनिसाने दोन्ही एकाच ढिगात टाकल्या. त्याला दोष देत नाही. दुसरी जागा त्याच्याकडे नव्हतीच.

चार डब्यांना माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. घनकचरा व्यवस्थापन नियम 2026 जानेवारीत अधिसूचित झाले, 1 एप्रिलपासून लागू झाले, आणि त्यांतली वर्गवारी मला पटते. पण वर्गीकरणाची गोष्ट आपण काही पहिल्यांदा ऐकत नाही. 2000 सालच्या नियमांत ती होती. 2016 च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. दर वेळी भोंगा घरासमोर वाजला आणि गाडी तशीच राहिली. या वेळी भोंग्याबरोबर दंडाची पावतीही येते आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. आमच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेजारच्या तालुक्यांतले नातेवाईकही हेच सांगतात.

हे सांगण्याचा माझा हक्क कुठून आला तेही लिहिते. माझं घर जुन्या गावठाणात आहे, घरातच मी पोळी-भाजी केंद्र चालवते. रोजचे देठ, सालं, खरकटं, चहाचा चोथा मिळून बादलीभर ओला कचरा निघतो. आणि आमची शेती नगरपरिषदेच्या कचरा डेपोला लागून आहे. सकाळी मी गाडीत कचरा देते आणि दुपारी शेतावर गेले की तीच गाडी कुंपणापलीकडे रिकामी होताना बघते. गाडीची दोन्ही टोकं मला रोज दिसतात.

शेतावर काय होतं ते ऐका. वाऱ्याबरोबर कॅरीबॅगा येऊन बांधावरच्या बाभळींना लटकतात, तिथून रानात. सोयाबीन निघाल्यावर रोटाव्हेटर घातला की पात्यांना पिशव्या, गादीतला काथ्या, साडीचे काठ आणि केसांची गुंतवळं गच्च गुंडाळली जातात. ट्रॅक्टर बंद करून, खाली वाकून, विळ्याने ते कापून काढावं लागतं. ते काढताना आमच्या गड्याचा अंगठा फुटलेल्या ट्यूबलाइटच्या काचेने चिरला. पावसाळ्यात डेपोतून काळसर पाणी पाझरून ओढ्याला लागतं, मग आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो आणि ते गुरांनाही पाजवत नाही. डेपोवर पोसलेली कुत्री शेळ्यांवर धावतात. डेपो ठरला तेव्हा ती जागा गावाबाहेर होती. आता त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडलेत, आणि तिथे राहायला येणाऱ्यांनाही हेच भोगायचं आहे.

आता तक्रारी सांगते.

पहिली गाडीची. काही गावांत गाडीला मधोमध पत्रा ठोकून दोन कप्पे केलेत आणि काम झालं असं धरलंय. प्रत्यक्षात ओला कचरा जड असतो, थोड्या जागेत मावतो. सुका हलका पण फुगलेला असतो: खोकी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पॅकिंगचं थर्माकोल. निम्मी गल्ली होण्याआधीच सुक्याचा कप्पा भरतो. मग मदतनिसाने काय करायचं? उरलेल्या घरांचा सुका कचरा ओल्यावर पडतो आणि तिथेच सगळ्यांची सकाळची मेहनत वाया जाते. यावर उपाय अवघड नाही. ओला कचरा रोज न्या, सुका आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी न्या. कागद आणि बाटल्या घरात तीन दिवस पडून राहिल्या तर कुजत नाहीत. खरकटं एक दिवसही थांबत नाही. एवढं वेळापत्रक बदललं तर आहे त्याच गाड्यांत बरंचसं काम भागेल. सॅनिटरी कचऱ्यासाठी बाजूला झाकणाचा एक ड्रम आणि बल्ब, बॅटऱ्या, उरलेली औषधं, रंगाचे डबे यांसाठी एक पेटी लावायची. नव्या नियमांत सुका कचरा छाटण्याच्या केंद्रांना मान्यता आहे, आणि विशेष काळजीचा कचरा नागरिकांनी तिथेही आणून द्यावा अशी सोय आहे. आमच्या गावात असं केंद्र कुठे आहे, हे भोंग्यावरून कोणी सांगितलं नाही.

ज्या गल्ल्यांत गाडी शिरतच नाही, त्यांचं काय? झोपडपट्टीतल्या बायका कचरा घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत चालत येतात. गाडी निघून गेलेली असली तर पिशवी कोपऱ्यावर ठेवतात, तिच्यावर कुत्री तुटून पडतात आणि मग अस्वच्छतेचा ठपकाही त्याच वस्तीवर येतो. दहा बाय दहाच्या खोलीत चार डबे ठेवायला कुठे जागा आहे, याचा विचार दंडाचा ठराव करताना झाला का? तिथे ढकलगाडी घेऊन दारापर्यंत जाणारा माणूस लागतो.

दुसरी तक्रार ठेक्याची. इथे जरा थांबून लिहिते, कारण मुळातली गाठ मला इथे दिसते. बऱ्याच ठिकाणी कचरा उचलण्याचा ठेका टनाच्या दराने दिला जातो: गाडी काट्यावर जाते, वजन होतं, बिल निघतं. ज्याला वजनावर पैसे मिळतात त्याच्या दृष्टीने घरात जिरवलेला ओला कचरा म्हणजे बुडालेलं बिल. भंगारात गेलेला पुठ्ठाही तसाच. उलट गटाराचा गाळ, रस्त्याची माती, बांधकामाचा राडारोडा हौद्यात पडला तर बिल वाढतं. मी कोणाही ठेकेदारावर चोरीचा आरोप करत नाही. करारच असा लिहिलाय की प्रामाणिक माणसालाही वर्गीकरणाने तोटा व्हावा. तुम्ही घरोघरी पत्रकं वाटा, शाळांत चित्रकला स्पर्धा घ्या, पण निविदेतली ही अट तशीच ठेवली तर चारही डबे शेवटी काट्यावर एकच होणार. निविदेचा मसुदा सर्वसाधारण सभेपुढे येतो. तो वाचायला वेळ काढा, एवढीच नगरसेवकांना कळकळीची विनंती.

तिसरी तक्रार डेपोची. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. म्हणजे ओल्या कचऱ्याचं नीट जमलं तर डेपोचं अर्धं ओझं तिथेच कमी झालं. आणि ते जमवायला परदेशी यंत्र लागत नाही. वरती पत्र्याचं छप्पर, खाली सांडपाणी एका कुंडीत जाईल असा पक्का उतार, लांबट ढीग, दर आठवड्याला उलथापालथ, हाताला ओलसर लागेल इतकं पाणी, आणि जोडीला वाळलेला पालापाचोळा. ढिगाच्या पोटात उष्णता 55 ते 60 अंशांवर गेली की तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाती येतं. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टचा किमान 90 टक्के भाग चार मिलिमीटरच्या चाळणीतून जावा लागतो, आणि शिसं, कॅडमियम यांसारख्या धातूंवर मर्यादा आहेत. ओल्या कचऱ्यात बॅटरी आणि ट्यूबलाइट मिसळली असेल तर ही मर्यादा कशी पाळणार? काचेचा चुरा चाळणीतून खाली येतो आणि शेतकऱ्याच्या टाचेत जातो.

शेतकरी म्हणून सांगते, आम्हाला हे खत हवं आहे. शेणखताची गाडी मिळेनाशी झाली आहे, गोठेच राहिले नाहीत. राज्य सरकारने शहरांतल्या कंपोस्टसाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ असा ब्रँड काढला, तेव्हा मला आनंद झाला होता. पण डेपोतून एकदा आणलेल्या खतात सिरिंजची टोपणं आणि शाम्पूच्या पुड्या निघाल्या की शेतकरी पुन्हा तिकडे फिरकत नाही. तो विश्वास परत मिळवायचा असेल तर गल्लीत गाडीच्या तोंडाशीच कचरा वेगळा राहिला पाहिजे. डेपोवर कितीही चाळणी लावून तो विश्वास परत येत नाही.

आणि एकत्र ढिगाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. हवा न लागता ओला कचरा सडला की मिथेन तयार होतो, तो पेटतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारचा डोंगर पेटला, धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबईतल्या नव्या बांधकामांवर निर्बंध घातले. आमचा डेपो छोटा आहे, त्याच्या आगीची बातमी होत नाही. धूर मात्र तसाच असतो. उन्हाळ्यात तो रात्रभर रानावर बसतो आणि सकाळी बायका डोळे चोळत खुरपायला येतात.

चौथी गोष्ट कामगारांची. कंत्राटी सफाई कामगार हातमोज्यांशिवाय डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन निवडतात. याहून लाजिरवाणं काय असेल? पुण्यात कचरावेचकांनी ‘लाल ठिपका’ मोहीम चालवली: वापरलेला नॅपकिन किंवा डायपर कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडताच कळेल. वर्तमानपत्राचा तुकडा आणि लाल पेन, एवढाच खर्च. तो खर्च आम्ही घरोघरच्या बायका करू. पण ती पुडी घेऊन जायला वेगळा ड्रम आणि पुढे ती नष्ट करायची सोय नगरपरिषदेनेच करायची आहे. डेपोवर भंगार वेचून पोट भरणाऱ्या बायकांनाही या नव्या व्यवस्थेत जागा हवी. कोणतं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कोणतं नाही, हे त्यांना स्पर्शाने कळतं. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, आणि कचरावेचक ओळखपत्रासह महापालिकेच्या करारावर दारोदार जाऊ लागले. आपल्याकडे डेपोला कुंपण घालायचं ठरलं की पहिल्यांदा त्यांनाच हुसकतात.

आणि दंड. नव्या नियमांत मोठ्या कचरा उत्पादकांची व्याख्या आहे: 20,000 चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम, किंवा दिवसाला 40,000 लिटर पाणी, किंवा दिवसाला 100 किलो कचरा. त्यांनी आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयातून एका दिवसात किती अन्न बाहेर पडतं ते केटरिंगवाल्यांकडून मी जवळून पाहिलं आहे. भात, बासुंदी, मठ्ठा, कागदी द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या, सगळं एकत्र एका ट्रॉलीत, रात्री. भाजी मंडई, हॉटेलं, मटण-चिकनची दुकानं यांचंही तेच. या सगळ्यांची यादी आमच्या नगरपरिषदेने केल्याचं ऐकिवात नाही. घरांना मात्र दंडाचा दर ठरला. घनकचऱ्याचं शुल्क आम्ही मालमत्ता कराबरोबर भरतोच. सुरुवात कुठून करायची हा प्रश्न पडला असेल, तर जिथे एका दारात शंभर घरांचा कचरा मिळतो तिथून करा.

हे फक्त मोठ्या शहरांना जमतं, असं उत्तर मला कार्यालयात मिळालं आहे. सिंधुदुर्गातली वेंगुर्ला नगरपरिषद काही मोठी नाही. तिथे 2015 नंतर, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, असं काम उभं राहिलं. ज्या डेपोकडे लोक नाक दाबून जात, तो पाहायला आज बाहेरगावचे लोक येतात. पणजी महापालिकेने सुक्या कचऱ्याची वर्गवारी सोळा प्रकारांपर्यंत नेली. दोन्हीकडची माणसं आपल्यासारखीच आहेत, पाऊस आपल्यापेक्षा जास्त आहे.

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या अशा आहेत.

घंटागाडीत वर्गीकरणाची सोय आणि डेपोवर ओल्या कचऱ्याची वेगळी जागा तयार होईपर्यंत घरांवरचा दंड थांबवावा. कोणत्या तारखेला गाडी बदलणार आणि कोणत्या तारखेपासून दंड सुरू होणार, हे दोन्ही एकाच ठरावात लिहावं.

ओला कचरा रोज, सुका ठरलेल्या दिवशी, असं वेळापत्रक प्रभागनिहाय जाहीर करावं आणि ते पाळावं. गाडी न शिरणाऱ्या गल्ल्यांसाठी ढकलगाडी द्यावी.

पुढच्या निविदेत टनाच्या दराऐवजी किती घरांतून वर्गीकृत कचरा घेतला यावर बिल द्यावं. एकत्र कचरा डेपोवर आणणाऱ्या गाडीचं बिल कापावं. गाळ आणि राडारोडा वेगळ्या वाहनातून न्यावा.

डेपोच्या फाटकावर आणि नगरपरिषदेच्या दारात एक फलक लावावा. त्यावर दर महिन्याला लिहावं: ओला किती आला, सुका किती आला, खत किती निघालं, किती विकलं, गाडून टाकण्यापलीकडे इलाज नाही असा किती उरला. मला या सगळ्या मागण्यांत ही सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आकडे समोर असले की नगरसेवकालाही प्रश्न विचारता येतो आणि आम्हालाही.

डेपोभोवती जाळी आणि झाडांचा पट्टा, पाझरणाऱ्या पाण्यासाठी पक्की कुंडी, जुन्या ढिगाची छाननी. आसपासच्या विहिरींचं पाणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत तपासून त्याचा अहवाल त्या त्या शेतकऱ्याच्या हातात द्यावा. आमच्या विहिरीचं पाणी कसं आहे हे जाणून घ्यायला आम्हाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागू नये.

कामगारांना हातमोजे, बूट, मास्क आणि वेळेवर पूर्ण पगार, तोही बँकेत. कचरावेचकांची नोंद करून ओळखपत्रं आणि सुक्या कचऱ्याच्या छाननीचं काम.

मंगल कार्यालयं, हॉटेलं, मंडई, मोठ्या सोसायट्या यांची यादी प्रसिद्ध करावी, त्यांतल्या व्याख्येत बसणाऱ्यांना नियम आधी लागू करावेत.

जो घरी किंवा अंगणात खत करतो त्याला मालमत्ता करात थोडी सूट द्यावी. पुणे महापालिका अशी सवलत देते, आपल्याला अशक्य का असावी?

आमच्याकडून काय अपेक्षा आहे, तेही विचारा. माझ्या केंद्रातला ओला कचरा मी वेगळाच देईन, त्यात प्लॅस्टिकचा तुकडा सापडला तर माझ्यावर दंड करा, मी भरीन. आमच्या गल्लीतल्या बायकांना गोळा करून लाल ठिपक्याची गोष्ट समजावून सांगायला मी तयार आहे. आणि डेपोवर चांगलं, स्वच्छ खत निघू लागलं तर पहिली ट्रॉली आमच्या शेतासाठी मी पैसे देऊन घेईन.

डिसेंबर 2025 च्या निवडणुकांत तुम्ही दारोदार आलात. त्याआधी कित्येक वर्षं अनेक गावांत प्रशासक होते आणि विचारायचं कोणाला हेच कळत नव्हतं. आता तुम्ही आहात. या पत्राची प्रत आमच्या नगरपरिषदेच्या आवक विभागात देऊन मी पोच घेतली आहे. घंटागाडी, ठेक्याचा दर आणि डेपो हे तीन विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावेत आणि त्यावर काय ठरलं ते लेखी कळवावं, ही विनंती.

आपली,
नगरपरिषद हद्दीतली एक करदाती आणि डेपोशेजारची शेतकरी